शतावरीचे चूर्ण: गोळीचा पापुद्रा सुटतो, कॅप्सूलचे वजन जुळत नाही

प्रश्न:
शतावरीच्या वाळलेल्या मुळांचे चूर्ण आम्ही 100 नंबरच्या चाळणीतून गाळून घेतो. हाताला ते मैद्यासारखे मऊ लागते, तरीही हॉपरमध्ये (यंत्रात चूर्ण सोडणाऱ्या नरसाळ्यात) कमान धरून अडते आणि कॅप्सूलचे वजन कमीजास्त होते. गोळ्या दाबल्या, तर बाहेर पडताच वरचा पापुद्रा सुटतो; दाब वाढवल्यावर तो अधिकच सुटू लागला. 0 आकाराच्या कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम भरायचे आहे. चूर्ण आणखी बारीक दळावे का?

उत्तर:
कृपया आणखी बारीक दळू नये. वस्त्रगाळ चूर्ण पोटात घेण्यास उत्तम असले, तरी यंत्राला ते मानवत नाही, कारण कण जितके बारीक तितके ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. मुळातील तंतू दाब सुटताच पुन्हा फुगतात, त्यात ही हवाही बाहेर पडू पाहते, म्हणून पापुद्रा उचलला जातो. आधी 100 मिलिलिटरच्या मापात चूर्ण न दाबता ओतून वजन घ्यावे आणि मग, पातळी स्थिर होईपर्यंत, माप आपटत राहावे.

प्रश्नकर्ता:
वजन 36 ग्रॅम भरले. आपटल्यावर पातळी 70 मिलिलिटरवर आली.

उत्तर:
म्हणजे आकारमान 30 टक्के घटले. ही घट 25 टक्क्यांपुढे गेली, तर चूर्णाचा प्रवाह वाईट समजावा. 0 आकाराच्या कॅप्सूलमध्ये 0.68 मिलिलिटर मावते, म्हणून आपटून बसवलेले चूर्णही त्यात सुमारे 350 मिलिग्रॅमच बसेल. 500 साठी चूर्णाचे दाणे करून 00 हा मोठा आकार घ्यावा लागेल. स्टार्चच्या खळीत चूर्ण इतकेच भिजवावे, की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच फुटावा. शतावरी बुळबुळीत असल्याने खळ थोडी जास्त झाली, तरी लगदा होतो. दाणे मंद उष्णतेवर वाळवून 20 नंबरच्या, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या, चाळणीतून काढावेत. मॅग्नेशियम स्टिअरेट (यंत्राला चिकटू नये म्हणून घालायची वंगण भुकटी) एक टक्क्याच्या आत, अगदी शेवटी घालून थोडाच वेळ फिरवावे. जास्त फिरवल्यास दाण्यांवर त्याचा थर बसून गोळी ठिसूळ होते.

दुसरे उत्तर:
ओलाव्याबद्दल एक भर घालतो. दाणे अगदी कोरडे केले, तर गोळी बांधली जात नाही. शिवाय जिलेटिनच्या कवचातील 13 ते 16 टक्के पाणी ते ओढून घेतात आणि कवच तडकते. भिजवलेले चूर्ण मात्र रात्रभर ठेवू नये. मुळांसोबत मातीतले जंतू आलेलेच असतात आणि खळीवर ते झपाट्याने वाढतात.