नोटाची 2,18,674 मते : बातमी किती आणि तर्क किती?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

नमस्कार. माझे वडील अनेक वर्षांपासून दोन हिंदी दैनिके घेतात आणि महत्त्वाच्या बातम्यांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात. परवा ती वही चाळताना 2024 च्या लोकसभा निकालाची, आपल्या इंदूरची, दोन कात्रणे शेजारीशेजारी दिसली. एकाच्या मथळ्यात भाजपचे शंकर लालवानी 11,75,092 मतांनी विजयी झाल्याचे ठळक अक्षरांत आहे आणि नोटाचा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाचा) उल्लेख अगदी खाली एका ओळीत आहे. दुसऱ्याने नोटाला पडलेली 2,18,674 मते ‘शहराची नाराजी’ म्हणून वर घेतली आहेत आणि मताधिक्य खाली ढकलले आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. मग पक्षपाती कोणाला म्हणायचे? वडील म्हणतात की दोन्ही वाचावे आणि सत्य मध्ये कुठेतरी असते असे धरावे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाही.

उत्तर 1 (निवृत्त उपसंपादक, सुदामानगर)

ताई, दोन्ही वाचण्याची सवय उत्तम आहे. परंतु मध्य काढणे म्हणजे शहानिशा करणे नव्हे. एका वर्तमानपत्राने आपले टोक आणखी लांब नेले की मध्यही त्याच्याच बाजूला सरकतो.

काय घडले, याला कागद आहे. निवडणूक आयोगाच्या फॉर्म 20 मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला आणि नोटाला किती मते पडली हे नोंदलेले असते, ते कोणीही ताडून पाहावे. का घडले, याला तसा कागद नाही, कारण मतदान गुप्त असते आणि नोटाचे बटण दाबणारा कारण लिहून देत नाही. 29 एप्रिल रोजी, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि त्यानंतर काँग्रेसनेच नोटाला मत देण्याचे आवाहन केले. त्यामुळे या मतांत पक्षाचे नेहमीचे मतदार किती, माघारीच्या प्रकाराने चिडलेले किती आणि एकही उमेदवार न पटलेले किती, हे मोजणीवरून कळत नाही. ‘शहराची नाराजी’ लिहायचीच होती, तर बातमीदार कोणत्या वस्त्यांत, किती मतदारांशी बोलला हे छापणे त्याचे कर्तव्य होते.

हाच न्याय पहिल्या कात्रणालाही लावावा. दुसऱ्या क्रमांकावरील बसपच्या उमेदवाराला 51,659 मते होती. मुख्य विरोधी पक्षाचा उमेदवार रिंगणातच नव्हता हे न सांगता एवढ्या मताधिक्याचा गौरव करणे, म्हणजे खरा आकडा देऊन अपुरे चित्र उभे करणे होय.

उत्तर 2 (शिक्षिका, लोकमान्यनगर)

काकांचे म्हणणे मान्य आहे, तरी एका बातमीवरून कोणत्याही वर्तमानपत्राला पक्षपाती ठरवू नये असे मला वाटते. मथळ्यात एकच गोष्ट मावते आणि रात्री कोणाला तरी ती निवडावी लागते. ती निवड प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकते का, हे कळण्यासाठी महिनाभराचे अंक पाहावे लागतात: कोणाचा आरोप पहिल्या पानावर आला आणि त्यावरचा खुलासा कोणत्या पानावर गेला, कोणाच्या सभेतील गर्दी दिसली आणि कोणाच्या सभेतील रिकाम्या खुर्च्या, चूक झाल्यावर दुरुस्ती छापली का. जे छापलेच गेले नाही ते तर कात्रणांच्या वहीत कधीच येत नाही.

आणखी एक गोष्ट इंदूरकरांनी विसरू नये. येथील ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकात घडलेले पत्रकार प्रभाष जोशी यांनी 2009 च्या लोकसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविरुद्ध अखेरपर्यंत आवाज उठवला. प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये या विषयावर अहवाल दिला. 2009 मध्येच महाराष्ट्रात एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारखी, निरनिराळ्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. म्हणून दोन वर्तमानपत्रांचे एकमत झाले की बातमी खरी, असेही समजू नये.

उत्तर 3 (बातमीदार, इंदूर)

‘सूत्रांनी सांगितले’ याविषयी एवढेच सांगतो. भोपाळच्या वल्लभ भवनातील, म्हणजे राज्याच्या मंत्रालयातील, एखादा कर्मचारी नोकरी पणाला लावून कागद दाखवतो, तेव्हा त्याचे नाव झाकणे आमचे कर्तव्यच असते. मात्र ‘सूत्रांच्या मते नाराजी वाढली आहे’ यात कोणताही कागद नाही आणि घटनाही नाही, केवळ कोणाचे तरी मत आहे. मताचा धनी नावानिशी समोर यावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. काल रात्री वडिलांसोबत पेन्सिल घेऊन दोन्ही कात्रणे पुन्हा वाचली. दुसऱ्यात ‘नाराजी’ हा शब्द तीनदा आला आहे आणि बोलणारा मतदार एकही नाही. पहिले कात्रण ‘उर्वरित पान 9 वर’ येथे संपते आणि ते पान वडिलांनी कापलेलेच नाही. माघारीचा तपशील तिथे असेल, तर काकांचा आक्षेप त्या बातमीला लागू होणार नाही. रविवारी वडिलांना घेऊन वाचनालयात जाते आणि तो जुना अंक पाहून इथे कळवते.