आईचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आलंय, मेडिक्लेम चालू ठेवावा का?

नमस्कार मंडळी,

आईला सत्तरीपुढच्यांसाठीचं मोफत उपचारांचं सरकारी कार्ड मिळालंय. मेडिक्लेमच्या रिन्युअलला बारा दिवस उरलेत आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

आई ७३, बाबा ६८, दोघं कराडजवळ गावी असतात. बाबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पीएफवाली (ईपीएस-९५) पेन्शन महिना २,३४० रुपये. त्यामुळे दोघांच्या मेडिक्लेमचा (५ लाखांचा फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून ५ लाख, २०१४ पासून अखंड) हप्ता मी आणि दादा निम्मा-निम्मा भरतो.

गेल्या वर्षी मूळ हप्ता ५२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ६१,३६० भरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा मी मनातल्या मनात नऊ हजार खर्चूनही टाकले होते. नोटीस आली ५७,२०० ची! ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी (विमा नियामकाशी) बोलायचं, असा नियम आहे. आमच्या कंपनीने मोजून दहाच वाढवले. वाचले ४,१६०. आईची शुगर-बीपीची औषधंच महिना २,४०० ची आहेत आणि ती ना मेडिक्लेममध्ये बसत ना सरकारी योजनेत.

दादाचं म्हणणं, आता हे कशाला? सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, आईचं ५ लाखांचं कार्ड निघालंय (आधारवरची जन्मतारीख अर्थातच १ जून). तिने ते लॅमिनेट करून देवघराच्या फळीवर ठेवलंय. बाबांचं सत्तर व्हायचंय, पण जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना लागू आहे.

माझी भीती वेगळी. दिवाळीत बाबांच्या छातीत दुखलं. जवळच्या एका खासगी हॉस्पिटलच्या गेटवर योजनेचा बोर्ड होता म्हणून तिथे नेलं. तिथला आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) भला माणूस. म्हणाला, "ताई, बोर्ड खरा आहे, पण आमच्याकडे योजनेत फक्त हाडांचं होतं." शेवटी दुसरीकडे मेडिक्लेमवर कॅशलेस झालं. दादा लगेच शेजारच्या काकूंचं उदाहरण देतो, त्यांची अँजिओप्लास्टी साताऱ्यात योजनेतून एक रुपया न देता झाली. तेही खरंच आहे.

त्याचा तोडगा असा: ही पॉलिसी सोडायची, ५ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च ५ लाखांपुढे गेला की वरचा देणारी पॉलिसी) घ्यायचा आणि खालचे ५ लाख योजनेवर सोडायचे. पण योजनेत दिलेली रक्कम टॉप-अपवाले त्या ५ लाखांच्या डिडक्टिबलमध्ये (टॉप-अप सुरू होण्याआधीच्या खर्चात) धरतात का? की हॉस्पिटल योजनेत नसेल तर पहिले ५ लाख आमच्याच खिशातून? कोणाचा असा क्लेम प्रत्यक्ष पास झालाय का? आणि आईचे ५ लाख व पांढऱ्या कार्डाचे ५ लाख वेगवेगळे धरतात की एकच?

एकदा सोडली की सोडली, हे मला जास्त खातंय. ६५ ची वयोमर्यादा २०२४ मध्ये उठली, नवी पॉलिसी मिळेलही, पण शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड (जुन्या आजारांचा क्लेम न मिळण्याचा काळ) पुन्हा पहिल्यापासून. ७३ व्या वर्षी तीन वर्षं!

एजंटला विचारून झालं, पण त्याचं कमिशन त्यातच आहे. दादा रविवारी येतोय, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.