सल्ला हवा: १२४ (बडोदा) स्क्वाड्रनच्या स्पिटफायरचे रंग आणि खुणा, १/७२, बजेट अडीच हजार

मंजिरी_रावपुरा
नमस्कार मंडळी. एक १/७२ चं (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या मापाचं) स्पिटफायर मार्क व्हीबी या लढाऊ विमानाचं प्लास्टिक किट दोन वर्षांपासून कपाटात आहे, आता मनावर घेतलंय. दुसऱ्या महायुद्धात आपल्या बडोद्याच्या महाराजांनी विमानांसाठी पैसे दिले आणि त्यावरून आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) १२४ स्क्वाड्रनला बडोदा नाव मिळालं, ते विमान करायचंय. माझे आजोबा तेव्हा हुजूर कचेरीत कारकून होते, बाबा अजून त्या गोष्टी सांगतात, त्यांना वाढदिवसाला द्यायचंय. किटमधल्या डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) दुसऱ्याच स्क्वाड्रनच्या आहेत. एअरब्रश नाही, ब्रशनेच रंगवणार. रंग आणि अक्षरं मिळून २५०० च्या वर जायचं नाहीये. नक्की कुठले रंग घेऊ, आणि ओएन ही स्क्वाड्रनची कोड अक्षरं कुठून आणू?

अलकापुरी_आदि
भाऊ, सगळ्यात आधी एअरब्रश आणि कॉम्प्रेसर घे, ब्रशने केलेलं विमान लांबूनच कळतं. मी ०.३ ची निडल वापरतो, टाकीवाला कॉम्प्रेसर आहे, आवाज अजिबात नाही. माझ्याकडे आता पन्नासच्या वर रंगाच्या बाटल्या झाल्यात, दर वेळी कुणी दुबईहून आलं की यादी पाठवतो. एकदाच खर्च होतो मग आयुष्यभर बघायला नको.

मांडवीकर
स्पिटफायर म्हणजे वर हिरवा आणि तपकिरी, खाली आकाशी निळा. लहानपणापासून हेच बघत आलोय. हंब्रोल कंपनीच्या २९ आणि ३० नंबरच्या डब्या घ्या, विषय संपला.

सुरसागर_७२
मांडवीकर, तो १९४० चा रंग झाला. ऑगस्ट १९४१ मध्ये आरएएफने फायटर विमानांचा तपकिरी काढून तिथे करडा आणला. म्हणजे वर डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, पोटाला मीडियम सी ग्रे. १२४ स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउनला पुन्हा उभं राहिलं, तेव्हा विमानं तपकिरीच होती, पण व्हीबी मार्क आला तोवर रंग बदलला होता. ताईंचं किट व्हीबी आहे म्हणजे करडाच.

दुसरी गोष्ट, आणि इथे नव्वद टक्के लोक चुकतात. शेपटीजवळचा पट्टा, पंख्याची टोपी आणि कोड अक्षरं ज्या रंगात असतात त्याचं नाव स्काय, पण तो निळा नाही. फिकट हिरवट आहे, पिस्त्याच्या सालीत दूध घातल्यासारखा. हंब्रोल ९० त्याच्या जवळ जातो. पट्टा १८ इंचांचा, म्हणजे १/७२ ला ६.३५ मिमी. अक्षरं २४ इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिमी. पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी विसरू नका, तीही ऑगस्ट १९४१ पासूनच आली.

मंजिरी_रावपुरा
@सुरसागर, खूप खूप धन्यवाद, मी निळाच घेणार होते! @आदि, मी ताई आहे, आणि बजेट २५०० आहे हो, कॉम्प्रेसर नको.

मिगवेडा_वाघोडिया
थिनरबद्दल सावध रहा ताई. मी मिग-२१ करत होतो, डबीतला थिनर संपला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर आणला, दुकानदार म्हणाला सगळ्याला एकच चालतो. ब्रश फिरवला आणि डाव्या पंखावरच्या पॅनल लाइनी (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) माझ्या डोळ्यांदेखत विरघळल्या, प्लास्टिक च्युइंगमसारखं झालं. चार महिन्यांचं काम होतं ते. हंब्रोलसारख्या इनॅमल रंगाला इनॅमलचाच थिनर. आणि खरं सांगू, बडोद्याच्या नावाचं असलं तरी विमान इंग्रजांचं, आपल्या हवाई दलाचं काहीतरी करा ना. केशरी-पांढरा-हिरवा राउंडेल (विमानावरची गोल खूण) १९५० पासूनचा आहे, त्याआधी १९४७ ते ५० पांढऱ्यावर निळं अशोकचक्र होतं, त्या काळातलं स्पिटफायर आमच्यातलं कुणीच करत नाही.

अलकापुरी_आदि
सॉरी ताई. पण तरी एअरब्रश भाड्याने मिळतो का बघा.

दांडियाबाजार_काका
जुलैत गणपतीच्या मूर्तिकारांकडे कोण भाड्याने देणार, त्यांचे कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू असतात. माझा सल्ला फक्त हवेबद्दल. पावसाळ्यात आपल्याकडे मॅट वार्निश मारू नका. मी मागच्या श्रावणात एका हंटर विमानाच्या मॉडेलवर मारलं, सकाळी उठून बघतो तर सगळं विमान राखेत लोळवल्यासारखं पांढरं. वार्निश नवरात्रानंतर. रंगाचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण एक दिवस, घाई नाही.

चित्रकला_फतेगंज
फाइन आर्ट्सला शिकवते म्हणून रंगाबद्दल बोलते, विमानातलं फार कळत नाही. डबीवर नाव बरोबर आहे म्हणून विमानावर रंग बरोबर दिसेल असं नाही. छोटी वस्तू खोलीत ठेवली की तोच रंग जास्त गडद दिसतो, म्हणून प्रत्येक रंगात अगदी थोडा फिकट करडा मिसळा, शुद्ध पांढरा नको, त्याने हिरवा खडूसारखा होतो. आणि रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. प्लास्टिकच्या चमच्यावर लावा, गच्चीत सकाळी दहाच्या उजेडात बघा, मग ज्या खोलीत ठेवणार तिथे बघा. चमच्याचा फुगीर भाग विमानाच्या अंगासारखाच उजेड घेतो.

मांडवीकर
करड्याचं मान्य. पण माझ्याकडे त्या काळच्या स्पिटफायरचा फोटो आहे, त्यात राउंडेलची बाहेरची रिंग काळी आहे. सगळे पिवळी रंगवतात ते चूक आहे, फोटो खोटं बोलत नाही.

सुरसागर_७२
फोटो बरोबर आहे, फिल्म वेगळी आहे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही आणि पिवळा गडद येतो, उलट निळा फिका येतो. म्हणून त्या फोटोत पिवळी रिंग काळपट आणि निळा भाग उजळ दिसतो. तुमच्या फोटोत पंखाची पुढची कड बघा, तीही काळी दिसेल, आणि ती पिवळीच असायची.

आता राउंडेलचा विषय निघालाच तर ताई, तुमचं विमान कुठल्या महिन्यातलं आहे ते आधी ठरवा. मे १९४२ पर्यंत अंगावरच्या राउंडेलचे चारही पट्टे सारख्या रुंदीचे, एकूण ३५ इंच. मे १९४२ नंतर पांढरा आणि पिवळा एकदम बारीक झाले. शेपटीवरचा फ्लॅशही (तीन उभ्या पट्ट्यांची खूण) तसाच, आधी लाल-पांढरा-निळा नऊ-नऊ इंच, नंतर ११, २, ११. तुमच्या किटमध्ये बारीक पिवळ्या रिंगवाले असतील तर सोपा मार्ग आहे: विमान जून १९४२ चं करा. जुलैत १२४ ला मार्क सिक्स आलं, चार पात्यांचा पंखा आणि लांब पंखटोकं, ते तुमच्या किटमधून होणार नाही. म्हणजे मे-जून १९४२ एवढीच खिडकी आहे, पण किटमधल्या डिकल्स वापरता येतील आणि पैसे वाचतील.

मिगवेडा_वाघोडिया
हेच करा. जून १९४२. आणि डिकल लावायच्या आधी ग्लॉस (चकाकणारं वार्निश) मारा, नाहीतर खाली हवा अडकून चांदीसारखं चमकतं.

अलकापुरी_आदि
+१ जून १९४२. ग्लॉस मारायला विसरू नका.

दांडियाबाजार_काका
जून १९४२ च. आणि डिकलखाली ग्लॉस हवाच.

हरणी_रोड_९१
कॉकपिटच्या बाजूला बरोडा असं नाव पण लिहा ना, बाबांना आवडेल.

सुरसागर_७२
ते नका लिहू. नाव स्क्वाड्रनला दिलं होतं, प्रत्येक विमानावर रंगवलेलं होतं असं धरून चालू नका. ज्या विमानाचा फोटो हातात आहे त्यावर असेल तरच लिहा. स्क्वाड्रनची ओळख ओएन या अक्षरांत आहेच.

हिरवा आणि मीडियम सी ग्रेसाठी हंब्रोल १६३ आणि १६५ घ्या, दोन्हीवर थोडी चकाकी असते, डिकलला सोयीचं. ओशन ग्रेला १०६. अक्षरांची स्काय रंगातली शीट परदेशातून मागवावी लागेल.

एक गंमतीची माहिती देतो. ऑगस्ट १९४१ ला हुकूम निघाला तेव्हा ओशन ग्रे सगळीकडे पोचलाच नव्हता, म्हणून तळांवर मीडियम सी ग्रेच्या सात भागांत काळ्याचा एक भाग मिसळून काम चालवलं. त्याला मिक्स्ड ग्रे म्हणायचे. पण मॉडेलवर ते करू नका, डबीतला काळा फार तीव्र असतो, सातास एकने कोळसा होतो. १०६ घ्या.

मंजिरी_रावपुरा
सगळ्यांचे आभार. खूप विचार केला. बाबांचा जन्म डिसेंबर १९४१ चा. विमान त्याच महिन्यातलं हवं, जून १९४२ चं नाही, मग जास्त काम पडलं तरी चालेल. लंडनजवळच्या बिगिन हिल तळावर स्क्वाड्रन त्याच हिवाळ्यात होतं आणि तेव्हा सगळ्यांकडे नवा रंग पोचला असेल असं मला वाटत नाही. म्हणून मी १०६ घेत नाहीये. १६३, १६५, ९० आणि काळा ३३ मागवले, इनॅमलचा थिनर वेगळा. मिक्स्ड ग्रेच लावणार.

काल चार चमचे केले. सातास एक खरंच खूप गडद आला, सुरसागर बरोबर होते. दहास एकही गडद. चौदा थेंबांना एक थेंब काळा बरोबर बसला, निळसर झाक कमी आहे, जरा धुरकट. गच्चीत आणि हॉलमध्ये दोन्हीकडे बघितला, फतेगंजच्या ताईंनी सांगितलं तसं. बाबांना काही न सांगता दोन चमचे दाखवले, त्यांनी तोच उचलला.

अक्षरं परदेशातून नाही मागवत. कोऱ्या पारदर्शक डिकलच्या कागदाला स्काय लावून वाळवलाय, त्यातून पट्ट्या कापून एन तीन तुकड्यांत आणि ओ कोपरे गोल करून. दोन एन छान निघाले. चार पट्ट्यांचा ३५ इंची राउंडेल म्हणजे १२.३५ मिमी, तो मात्र हाताने जमत नाहीये, वर्तुळ कापायचा कटर छोट्या मापाचा कुणाकडे असेल तर दोन दिवस देईल का? रावपुऱ्यात येऊन घेऊन जाईन.

सुरसागर_७२
चौदास एक लिहून ठेवतो, माझ्याही कामाला येईल. कटर आहे, ८ मिमीपासून कापतो. त्याहून लहान, म्हणजे मधला पांढरा आणि लाल, पंच मारून काढावे लागतील, पंचही देतो. उद्या संध्याकाळी सुरसागरला भेटा. आणि पंखाखालच्या राउंडेलला पिवळी रिंग नको, पंखावरच्याला फक्त लाल आणि निळा, ते चुकवू नका.

अलकापुरी_आदि
ताई फोटो टाका. वार्निशला एअरब्रश लागला तर नवरात्रानंतर घरी या, मारून देतो.