झोपलेलं मशीन कोणत्याही बटणाने उठावं, की फक्त पॉवरच्या?

वर्धारोड_एम्बेडेड

आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये फळबाजारासाठी हातात धरायचं बिलिंग मशीन बनतं. लिनक्सवर चालतं. २० बटणांचा कीपॅड आहे, ४ ओळी आणि ५ स्तंभ. मधे वेगळी चिप नाही, ९ तारा थेट प्रोसेसरच्या जीपीआयओवर (साध्या इनपुट-आउटपुट पिनांवर) येतात. ३० सेकंद कोणी हात लावला नाही की मशीन सस्पेंडमध्ये, म्हणजे झोपेत, जातं, आणि उठतं ते फक्त वरच्या पॉवरच्या बटणाने. कारण साधं आहे, आमच्या कीपॅडच्या ड्रायव्हरमध्ये (कीपॅड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) वेक-अपची, म्हणजे झोपेतून उठवण्याची, सोय कोणी लिहिलीच नव्हती.

ती मी गेल्या आठवड्यात लिहिली. ड्रायव्हर सुरू होतो त्या प्रोबमध्ये डिव्हाइस_इनिट_वेकअप, म्हणजे हे डिव्हाइस उठवू शकतं अशी नोंद. सस्पेंड होताना पाचही स्तंभ एकदम लो (शून्य व्होल्ट) करून ठेवायचे आणि चारही ओळींच्या इंटरप्टवर (प्रोसेसरला जाणाऱ्या हाकेवर) एनेबल_आयआरक्यू_वेक लावायचं. मग कोणतंही बटण दाबलं तरी त्याची ओळ लो होते आणि प्रोसेसर उठतो. रिझ्यूममध्ये, म्हणजे उठताना, हेच उलट्या क्रमाने. लिनक्सच्या कर्नलमधला (गाभ्यातला) मॅट्रिक्स_कीपॅड ड्रायव्हरही असंच करतो, मी वेगळं काही केलं नाही.

वाद आहे डीफॉल्टचा. माझा भागीदार म्हणतो बंद ठेव, ज्याला हवं तो सुरू करेल. माझं म्हणणं आहे की सुरूच असावं. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की बहुतेक डिव्हाइसचं वेक-अप डीफॉल्ट बंद असतं आणि त्याला मोठे अपवाद म्हणजे पॉवर बटण, कीबोर्ड, आणि ईथटूल या कमांडने वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून उठवणं) लावलेलं नेटवर्क कार्ड. कीबोर्ड त्या यादीत आहे. पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात उभा असलेला माणूस सेटिंगमध्ये जाऊन काही सुरू करणार नाही, त्याला बटण दाबल्यावर मशीन उठलेलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

मिहानवाला

भाऊ, मी पूर्ण विरोधात. तुमचा भागीदार बरोबर बोलून राहिला.

मी स्वतः भोगलंय. नागपूरहून अमरावतीला बसने निघालो, लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून बॅगेत. मागच्या खिशात टिफिन होता, त्याचा दाब झाकणावर येत होता आणि झाकणाचा कीबोर्डवर. उतरलो तेव्हा बॅग इस्त्रीसारखी तापलेली, बॅटरी शून्य, आणि ज्या मीटिंगसाठी गेलो तिथे हात हलवत बसलो. तुमच्या मशीनला तर झाकणसुद्धा नाही. ते खिशात जाणार, गाडीच्या डिकीत जाणार, क्रेटच्या खाली जाणार.

आणि एक बघा. मॅट्रिक्स_कीपॅडचे इंटरप्ट दोन्ही एजवर (सिग्नल पडताना आणि चढताना) लागतात. म्हणजे बटण दाबलं तरी उठणार आणि सुटलं तरी उठणार. डिकीत एक हिसका बसला की दोन घटना.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. बहुतेक लिथियम सेलची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते, त्याच्या वर चार्जर चार्जिंग थांबवतो. म्हणजे दुपारी बॅटरी उतरली तर शेडमध्ये प्लग लावूनही उपयोग नाही, संध्याकाळपर्यंत थांबा. अशा गावात बॅटरीशी उदारपणा करायचा नसतो.

वर्धारोड_एम्बेडेड

@मिहानवाला दादा, काळजी रास्त आहे, पण आकडे मांडून बघू. प्रत्येक ओळीला १० किलोओहमचा पुल-अप (ओळ हाय ठेवणारा रेझिस्टर) आहे, व्होल्टेज ३.३. बटण दाबलेलं नसेल तर त्या वाटेने करंट जातच नाही. दाबलेलं राहिलं तर ०.३३ मिलिअँपिअर. रात्रभर, म्हणजे १२ तास एक बटण दबून राहिलं तरी जेमतेम ४ मिलिअँपिअर-तास. आमची बॅटरी २,६०० ची आहे.

इंटरप्ट एजवर आहे हे उलट चांगलंच. लेव्हलवर (सिग्नल लो असेपर्यंत चालू) असता तर दबलेल्या बटणाने मशीनला झोपूच दिलं नसतं. एजवर ते एकदा उठतं, ३० सेकंदांनी परत झोपतं, आणि बटण तसंच दबलेलं असेल तर पडून राहतं.

मिहानवाला

पुल-अपचा हिशेब मान्य, पण खर्च तिथे नाहीच. खर्च आहे उठण्याचा. प्रोसेसर, स्क्रीनचा बॅकलाइट, मोडेम हे सगळं ३० सेकंद जागं. खडबडीत रस्त्यावर दर ३० सेकंदांत एक धक्का लागला तर मशीन झोपतच नाही. तुम्ही दबून राहिलेल्या बटणाचा हिशेब केला, मी हलणाऱ्या बटणाबद्दल बोलून राहिलो.

अंदाजाने भांडण्यापेक्षा मोजा. कर्नलच्या डीबगएफएस या तपासणीच्या फोल्डरात वेकअप_सोर्सेस नावाचा तक्ता आहे, त्यात कोणी किती वेळा उठवलं ते दिसतं. मशीन डिकीत टाका, कामठीपर्यंत जाऊन या, आणि मग तो तक्ता इथे टाका.

बर्डीकर

माझं बर्डीला रिपेरिंगचं दुकान आहे. कोड मला कळत नाही, पण एक सांगतो. अशी हातातली मशीन माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा पॉवरचंच बटण गेलेलं असतं. बाकी सगळा कीपॅड नव्यासारखा. टॅक्ट स्विच आत बसलेला असतो, लोक अंगठ्याच्या नखाने दाबतात, धूळ जाते, एक दिवस क्लिक येणं बंद होतं. मग गिऱ्हाईक पेनच्या टोकाने दाबतो आणि पॅडच उखडून येतो. दिवसभरात दोनशे वेळा मशीन उठवायचं काम एका बटणावर टाकलं की ते जाणारच. कीपॅडने उठत असेल तर बॅटरीचं मला माहीत नाही, पण स्विच नक्की वाचतील.

अडत्याचा_मुलगा

हे मशीन आमच्याच काट्यावर ट्रायलला आहे, म्हणून लिहितो. वर्धारोड भाऊंनी नवीन प्रोग्राम टाकून मागच्या सोमवारी दिलं.

पहिल्यांदा चांगलं सांगतो. आंबिया बहाराचा माल सुरू झाला की पहाटे पाचला गाड्या लागतात. थंडीत बोटं आखडलेली असतात, एका हातात पट्टीबुक, मापाडी वजन ओरडून राहिला, आणि मी ते वरचं इवलंसं बटण शोधत बसायचो. आता कुठेही दाबलं की उठते. हे फार बरं झालं, परत नेऊ नका.

आता वाईट. मंगळवारी मापाडी बोलला "दोनशे अठ्ठेचाळीस". मी न बघता २-४-८ दाबलं, कारण बोटांना पाठ आहे. मशीन झोपलेलं होतं. २ ने ते उठलं आणि तो २ गेला कुठे माहीत नाही. पडद्यावर ४८ आलं आणि मी ओके केलं. पट्टी (शेतकऱ्याची पावती) निघाली ४८ किलोची. काटोलकडचे एक काका होते, त्यांनी पट्टी हातात घेतली, दोनदा वाचली आणि फक्त माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मी लगेच दुरुस्त करून दिली, पण भाऊ, ती नजर मी विसरलो नाही. त्यांनी वाचली नसती तर दोनशे किलोचे पैसे गेले असते आणि आमच्या तीन पिढ्यांच्या काट्यावर डाग लागला असता.

तुम्ही बॅटरीवर भांडून राहिले. बॅटरी संपली तर मी कागदावर लिहीन. आकडा चुकला तर काय करू?

वर्धारोड_एम्बेडेड

@अडत्याचा_मुलगा हे तू मला फोनवर का नाही सांगितलंस? माफ कर. मी टेबलावर तपासताना प्रत्येक वेळी बटण दाबून पडदा लागेपर्यंत थांबत होतो. सलग तीन आकडे मारून बघितलेच नाहीत. आज रात्रीच जुना प्रोग्राम परत टाकतो, तोवर ते मशीन वजनाला वापरू नकोस.

जुनी_खोड

२ का गेला ते सांगतो, कारण हा ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी यात पडावंच अशी जागा आहे.

सस्पेंडमध्ये पाचही स्तंभ एकत्र लो असतात. बटण दाबल्यावर ओळ कळते, स्तंभ कळत नाही. स्तंभ शोधायला स्कॅन लागतो, म्हणजे एकेक स्तंभ लो करून ओळी वाचायच्या. पण मशीन झोपलेलं असताना इंटरप्ट आला की कर्नल तो फक्त नोंदवून ठेवतो आणि आधी सिस्टिम उठवतो. हँडलर (इंटरप्टचं काम करणारा कोड) नंतर चालतो, त्यानंतर डीबाउन्सची (बटणाची थरथर थांबण्याची) वाट, त्यानंतर स्कॅन. तेवढ्यात बोट उचललेलं असतं. स्कॅनला काहीच दाबलेलं दिसत नाही. २ कुठे हरवला नाही, तो वाचलाच गेला नाही.

जीपीआयओ-कीज ड्रायव्हरमध्ये यावर उपाय आहे. तिथे एका बटणाला एक तार असते, त्यामुळे कोणी उठवलं ते नक्की माहीत असतं, आणि सस्पेंडमधून उठताना बोट सुटलेलं असलं तरी ड्रायव्हर ते बटण दाबल्याची घटना स्वतःहून पाठवतो. तिथे वेकअप-सोर्स हे प्रत्येक बटणाला वेगळं लावता येतं आणि दाबल्यावर उठायचं की सुटल्यावर, हेही ठरवता येतं. मॅट्रिक्समध्ये ही ऐष नाही.

आता डीफॉल्टबद्दल. वर्धारोड, डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य तू बरोबर सांगितलंस, पण तो अपवाद टेबलावरच्या कीबोर्डला शोभतो. यूएसबीचा साधा कीबोर्ड लावला की कर्नल त्याचं वेक-अप आपोआप सुरू करतो, कारण तो टेबलावर असतो. लॅपटॉपच्या आतल्या जुन्या पद्धतीच्या कीबोर्डला मात्र आय८०४२ ड्रायव्हर उठवण्याची क्षमता देतो आणि ती आपोआप सुरू करतो ती फक्त सस्पेंड-टू-आयडल (हलकी झोप) वापरणाऱ्या मशीनवर. म्हणजे मोठ्या लोकांनीही एकच उत्तर सगळीकडे लावलेलं नाही.

माझं मत असं की क्षमता ड्रायव्हरमध्ये असलीच पाहिजे, न लिहिणं हा दोष आहे. पण सुरू की बंद हे ड्रायव्हरच्या सी फाइलमध्ये ठरवायचं नाही. ते त्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडलंय त्या वर्णनाच्या फाइलमध्ये) वेकअप-सोर्स लिहून ठरवायचं, आणि त्यावरही वापरणाऱ्याला सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींमधल्या) पॉवर फोल्डरातल्या वेकअप फाइलने बदलता आलं पाहिजे.

मिहानवाला

जुनी_खोड काकांशी सहमत. अडत्याच्या मुलाचा अनुभव वाचून तर माझा विरोध आणखी पक्का झाला. जे बटण उठवतं तेच आकडाही असेल तर गोंधळ होणारच. पॉवरचं बटण म्हणूनच वेगळं असतं.

बर्डीकर

मग ते तुटणार. परत तेच.

धरमपेठ_फर्मवेअर

दोन्ही टोकांच्या मधे एक वाट आहे, आम्ही एका मीटरमध्ये वापरली होती.

सस्पेंड होताना पाचही स्तंभ लो करू नका. एकच करा, आणि बाकीचे चार इनपुट करून मोकळे सोडा. वेक इंटरप्टसुद्धा एकाच ओळीवर लावा. आता त्या ओळीच्या आणि त्या स्तंभाच्या छेदावरचं एकच बटण मशीन उठवू शकतं. बाकी १९ बटणं डिकीत कितीही दाबली गेली तरी मशीनला पत्ता नाही. दादांची बॅटरी सुटली, बर्डीकरांचा स्विच सुटला. पॉवरच्या बटणापेक्षा हे बटण मोठं, समोर, बोटाखालचं. एंटरला द्या ते काम.

काकांची अडचणही याने जाते. एकच स्तंभ लो असल्यामुळे इंटरप्ट आला म्हणजे कोणतं बटण ते ठरलेलंच, स्कॅन करायची गरज नाही. बोट उचललं तरी काही हरवत नाही.

एक धोका सांगते. प्रत्येक बटणाला डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) नसेल तर भुताचं बटण उमटतं. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकाच वेळी दाबली गेली तर चौथा कोपरा दाबल्यासारखा दिसतो. क्रेटखाली मशीन सपाट दाबलं गेलं तर हे होऊ शकतं, पण एका बटणाच्या धक्क्यापेक्षा फारच क्वचित.

आणि पुढच्या मॉडेलला कीपॅडची आयटूसी (दोन तारांच्या बसची) चिप घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सावध व्हा. तिथे बटण कोणतं हे वाचायला आयटूसी बस लागते, आणि हँडलर चालतो तेव्हा बसचा कंट्रोलर झोपेतच असू शकतो. कर्नल "ट्रान्स्फर व्हाइल सस्पेंडेड" अशी वॉर्निंग देतो आणि वाचन फसतं. आमचे तीन दिवस त्यात गेले.

मिहानवाला

ताई, हे मला पटतं. एका बटणाला माझी हरकत नाही. तरी डिव्हाइस ट्रीमध्ये डीफॉल्ट बंदच ठेवा, ज्या बाजारात पाठवाल तिथे सुरू करून पाठवा.

वर्धारोड_एम्बेडेड

धरमपेठ ताई, हे मला सुचलं नव्हतं. आमच्या बोर्डावर डायोड नाहीत, पुढच्या खेपेला प्रत्येक बटणाला टाकतो.

दादा, डीफॉल्टवर मी तुमच्याशी सहमत होणार नाही. सगळी मशीन बाजारातच जातात, बंद पाठवलं तर ते कायमचं बंद राहील. एका बटणासह सुरू पाठवतो, आणि कामठीची फेरी मारून वेकअप_सोर्सेसचा तक्ता इथे टाकतो. आकडा वाईट आला तर बोलू. आज रात्री बसून एंटरची ओळ आणि स्तंभ बांधून घेतो.

अडत्याचा_मुलगा

भाऊ थांबा, एंटर नका करू. आमच्या मशीनमध्ये एंटर म्हणजे ओके, आणि ओकेने पट्टी निघते. मशीन जागंच आहे आणि मला वाटलं झोपलेलं आहे, तर मी एंटर दाबीन आणि आधीचं अर्धवट वजन छापून जाईल. परत तेच होईल.

लाल सी चं बटण घ्या. त्याने आकडा पुसला जातो. मशीन झोपलेलं असेल तर उठेल, जागं असेल तर पाटी कोरी होईल. दोन्ही वेळेला मला शून्य दिसेल आणि मी पहिल्यापासून टाकीन. तसंही प्रत्येक गाडीच्या आधी मी सवयीने सी दाबतोच.

जुनी_खोड

हे बरोबर आहे. सी ची घटना ॲपपर्यंत पोचली काय, न पोचली काय, निकाल एकच. वर्धारोड, सी कोणत्या ओळीत येतं?

वर्धारोड_एम्बेडेड

चौथी ओळ, पहिला स्तंभ. शनिवारी पहाटे मशीन घेऊन काट्यावर येतो. मापाड्याला सांगून ठेव, आकडे भरभर ओरडायला.