लोडरच्या बकेटला दात: वेल्ड करू की बोल्टवर लावू?

भांडुपचा लोडर:
ट्रॅक्टर लोडरची बकेट सहा फुटी आहे, पुढची कड झिजून कोपरे गोल झालेत. सकाळी डेब्रिज भरतो, दुपारी मुरूम उकरतो. मधूनच एका गोडाऊनमध्ये रेती ओढायचं काम असतं, तिथली कोबा फरशी खरवडता कामा नये. दारूखान्यात, म्हणजे मुंबईच्या भंगार बाजारात, २० मिमीचा साधा पत्रा बघून ठेवलाय. त्यातूनच दाते गॅसने कापून वेल्ड मारू का?

कुर्ल्याचा फॅब्रिकेटर:
नको दादा. साधा पत्रा दीडशे ब्रिनेलच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास असतो, आपल्याकडच्या काळ्या दगडापुढे टिकणार नाही. ४०० ते ५०० ब्रिनेलचा पत्रा मागा, टेस्ट सर्टिफिकेटसकट. दुकानातच कानस मारून बघा: साध्यावर लगेच चावते, कडक पत्र्यावर जोर लावूनही जेमतेम.

फरशीचं काम आहे म्हणजे सरळ एज (बिनदातांची कड) कायमची वेल्ड करा आणि दातांची पट्टी वेगळी, बोल्टवर ठेवा. गोडाऊनला जाताना काढून ठेवायची. दात पत्र्यातून कोरू नका, बॅकहोचे (मागच्या हाताने खणणाऱ्या मशीनचे) तयार दात घ्या. झिजला की तेवढाच बदलता येतो.

पट्टीची भोकं ड्रिलनेच पाडा, कोबाल्ट ड्रिल, कमी स्पीड, वरून कूलंट. गॅसने पाडलं की भोकाभोवतीचा कडकपणा जातो. बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, काउंटरसंक डोक्याचे. डोकं पत्र्याच्या पातळीत बसलं की माल अडकत नाही.

आता वेल्डिंग, खरी गोम इथेच आहे. ७०१८ रॉड (कमी हायड्रोजनचा वेल्डिंग रॉड) वापरा आणि ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तासभर तरी भाजून घ्या. पावसाळ्यात उघडं पाकीट लगेच दमट होतं. त्या ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काम झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, केसाएवढी चीर दिसते. वेल्ड मारण्याआधी दोन्ही पत्रे हळूहळू तापवून घ्या, पण दोनशे अंशांच्या फार वर जाऊ देऊ नका; लाल होण्याच्या खूप आधीच कडकपणा उतरतो आणि त्यासाठी मोजलेले पैसे वाया. मधून सुरू करून एक टप्पा डावीकडे, एक उजवीकडे असे घ्या. मागून जाड चॅनेल क्लॅम्प करा, म्हणजे कड वाकणार नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थिंग बकेटलाच लावा, नाहीतर करंट पिन-बुशमधून (बकेटच्या सांध्यांमधून) जातो आणि ते खराब होतात. बकेट जमिनीवर टेकवूनच काम करा, हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरू नका.

भांडुपचा लोडर:
मग साधा पत्रा रद्द. दात किती लावू?

कुर्ल्याचा फॅब्रिकेटर:
सहा फुटांना सात. टोकाचे दोन अगदी कोपऱ्यालगत, कारण झीज तिथूनच सुरू होते.

माहुलचा ऑपरेटर:
दात लावलेल्या बकेटने मागे ओढत लेव्हल करू नका, दातांवर उलटा जोर येतो आणि बोल्ट सैल होतात. पहिल्या दिवशीचं काम संपलं की सगळे नट पुन्हा आवळा.