जक्कयाने चौपट परत केले, वधस्तंभावरच्या चोराने काहीच नाही: मग पश्चात्ताप ही तारणाची अट आहे का?

शोधक
सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीतील एका गृहस्थांनी बऱ्याच वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या वाट्याचे शेत सातबाऱ्यावर स्वतःच्या नावे करून घेतले होते. आता त्यांनी पाळकांसमोर रडून पाप कबूल केले आहे आणि प्रभूने आपल्याला क्षमा केली असे ते सांगतात. शेत मात्र अजून त्यांच्याच ताब्यात आहे. यावरून अभ्यासगटात दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही. तेव्हा शेत परत करण्याची अट घालणे म्हणजे कृपेला किंमत लावणे होय. दुसरी बाजू लूक 19 मधील जक्कयाकडे, म्हणजे फसवून घेतलेले चौपट परत करू म्हणणाऱ्या जकातदाराकडे, बोट दाखवते, त्यावर पहिली बाजू लूक 23 मधील चोर, म्हणजे येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला आणि काहीही परत न करता सुखलोकाचे वचन मिळालेला गुन्हेगार, पुढे करते, आणि चर्चा तिथेच अडते. भरपाईवाचूनचा पश्चात्ताप तारणदायी असतो का, आणि भरपाई आवश्यक मानली तर तारण कर्मावर आले असे होत नाही का?

निवृत्त पाळक
जक्कयाच्या वृत्तांतात घटनांचा क्रम पाहावा. येशूने त्याला झाडावरून खाली बोलावले आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगितले, ते जक्कयाने एक शब्दही कबूल करण्यापूर्वी. लोक कुरकुरले तेही त्याचमुळे. चौपटीची मागणी कोणी केलेली नव्हती. मोशेच्या नियमशास्त्रात, गणना 5 प्रमाणे, जो आपण होऊन अपराध कबूल करतो त्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा असे. चौपट दंड निर्गम 22 मध्ये मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला सांगितला आहे. म्हणजे जक्कयाने सौम्य कलम बाजूला ठेवून चोराचे कलम स्वतःला लावून घेतले. अट पुरी करणारा माणूस कमीत कमी किती द्यावे लागेल याचा हिशेब करतो, आणि येथे तो हिशेबच दिसत नाही.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या परंपरेने हेच वेगवेगळ्या शब्दांत मांडले आहे. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनाच्या, बाराव्या कलमात पश्चात्तापाचे दोन भाग सांगितले आहेत, पापाविषयी अंतःकरणाला झालेली व्यथा आणि क्षमेवरील विश्वास, आणि सत्कृत्ये ही त्यांची फळे म्हटली आहेत. धर्मसुधारक कॅल्विनच्या मते पश्चात्ताप विश्वासातून जन्मतो, त्याच्या आधी उभा राहत नाही. प्रेषितांची कृत्ये 11:18 मध्ये तर देवाने परराष्ट्रीयांनाही (यहुदी नसलेल्यांनाही) पश्चात्ताप दिला असे म्हटले आहे. जे देवाकडून मिळाले ते देवाला चुकवलेले मोल कसे ठरेल?

राहिला चोर. आपल्याला योग्य शिक्षा मिळते आहे हे त्याने चारचौघांत कबूल केले आणि निंदा करणाऱ्या सोबत्याला दटावले. त्या स्थितीत याहून अधिक काही करणे त्याला शक्य नव्हते. आपल्या गृहस्थांचे हात खिळलेले नाहीत.

वसईकर
जय येशू. कॅथलिक शिकवणीची बाजू येथे अनेकदा विपर्यस्त स्वरूपात येते म्हणून लिहितो. 1551 साली ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने पापनिवेदनाच्या संस्कारात पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई अशी पापी माणसाची तीन कृत्ये सांगितली, परंतु क्षमा ख्रिस्ताच्या पुण्याईनेच मिळते असेच तिचेही म्हणणे आहे. क्षमेने दोष जातो. शेजाऱ्याचे झालेले नुकसान त्यामुळे आपोआप भरून निघत नाही, म्हणून चोरलेली वस्तू शक्य असेल तर परत करणे हे न्यायाचेच मागणे आहे असे आमच्या धर्मशिक्षणात स्पष्ट सांगितले जाते. धर्मसुधारक लूथरचा 1517 मधील रोख पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या पापदंडमाफीच्या पत्रांच्या व्यवहारावर होता, पश्चात्तापावर नव्हे. त्याच्या 95 विधानांपैकी पहिलेच विधान श्रद्धावंताचे सारे जीवन पश्चात्तापाचे असावे असे सांगते. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे हा नियम 1215 पासून आहे, आणि तो पाळूनही बांधाचा वाद पुढच्या पिढीकडे सोपवणारे लोक आमच्याकडेही आहेत, हे मान्य करायला हवे.

केडगावची वाचक
भरपाईला पश्चात्तापाची कसोटी करताना येशूला धरून देणाऱ्या यहूदाला विसरू नये. मत्तय 27 मध्ये त्याला पस्तावा झाला, निर्दोष माणसाला धरून दिल्याचे त्याने याजकांसमोर कबूल केले आणि चांदीची 30 नाणीही परत केली. कबुली झाली, भरपाईही झाली. नव्हते ते एवढेच की तो ज्याचा अपराधी होता त्याच्याकडे वळला नाही. येशूला ओळखत नाही असे तीनदा म्हणणाऱ्या पेत्राने परत काहीच केले नाही, तो नुसता रडला, पण पुढे तो येशूसमोर उभा राहिला. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पश्चात्तापाकडे नेणारे दुःख आणि मरणाकडे नेणारे दुःख यांत जो भेद करतो तो मला याच दोघांत दिसतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, तरी आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी नंतर लिहिले. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली व स्त्रिया पापे कबूल करून रडू लागल्या, त्याची हकीकत आमच्याकडे आजही सांगितली जाते. पण कोण किती रडले यावरून कोणाचे तारण मोजावे असे मला वाटत नाही, आणि त्या गृहस्थांचेही मोजू नये. भावाचे शेत परत मागायला मात्र त्यांचे तारण ठरवण्याची गरजच नाही.

शोधक
शेवटचे वाक्य आमच्या गटात कोणालाच सुचले नव्हते. आता पाळकांनी त्या गृहस्थांना प्रभुभोजन (उपासनेतील भाकर व द्राक्षारसाचा विधी) द्यावे की नाही असा प्रश्न निघाला आहे.

निवृत्त पाळक
मत्तय 5:23-24 त्यांना एकांतात वाचून दाखवावे: भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. हे माझ्या मते बहिष्काराचे वचन नाही, क्रमाचे आहे. पाळकांनी त्यांच्याबरोबर भावाच्या घरी जावे, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कोणता दस्त नोंदवावा लागेल हे आधीच एखाद्या वकिलाला विचारून ठेवावे, म्हणजे तेथे नुसत्या शब्दांवर भागणार नाही.