शिआन एका दिवसात उरकू नका
चीनमधल्या शिआन शहराला एक दिवस पुरे, टेराकोटाचे (भाजलेल्या मातीचे) प्राचीन सैनिक बघितले की शिआन संपलं, असं तुम्ही म्हणालात; ते पटलं नाही. तिथे इंग्रजी शिकवायचो तेव्हा सुट्टीच्या संध्याकाळी मिंग राजवटीत बांधलेल्या शहराच्या तटबंदीवर भाड्याची सायकल हाणायचो. घेर जवळपास 14 किलोमीटर, फरसबंदी मात्र हाडं खिळखिळी करणारी! खाली मुस्लिम मोहल्ल्यात यांगरौ पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली रोटी, मागवा. आधी रिकामा वाडगा आणि घट्ट रोट्या पुढ्यात येतात. रोटी आपणच कुस्करायची, अगदी हरभऱ्याएवढी. तुकडे मोठे राहिले तर शेजारचे आजोबा नाराजीने बघतात. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यासकट परत येतो. बाकी शाळेचं म्हणाल, तर जेवणानंतर मुलं बाकावर डोकं टेकून रीतसर झोपतात. शिक्षकांनाही डुलकी माफ. हे आपल्याकडे कधी येणार?